आधी टेप, मग टायर

पहाटे साडेपाच

फेब्रुवारीत निफाड पट्ट्यात थंडी उतरली की द्राक्षबागायतदाराची झोप उडते. माझं काम मात्र त्या थंडीत सोपं होतं. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची हवा पहाटे मोजली, तरच आकडा खरा मिळतो. चालत्या गाडीचा टायर तापतो, आतली हवा प्रसरण पावते आणि १२० पौंडांचा टायर १३५ दाखवायला लागतो. ते बघून एखादा नवखा ड्रायव्हर ढाब्यावर हवा सोडून देतो आणि टायर गार झाल्यावर तीच हवा कमी पडते. म्हणून आडगाव नाक्याजवळच्या आमच्या यार्डात माझा दिवस चहाच्या आधी, गेज आणि बॅटरी हातात घेऊन सुरू होतो.

मी गाड्यांचा मालक नाही. मालकाच्या ट्रेलरांचे टायर सांभाळतो. कोणता टायर कुठल्या चाकावर, कधी चढला, किती चालला, का उतरला, हे सगळं माझ्या वहीत असतं. डिझेल आणि बँकेचा हप्ता सोडला तर धंद्यातला सर्वांत मोठा खर्च टायरचा, असं शेठ दर महिन्याला सांगतात. मीही दर महिन्याला नव्याने ऐकल्यासारखं ऐकतो.

काल रात्री न्हावाशेव्याला कांद्याचा कंटेनर सोडून आलेली अठरा चाकी समोर उभी आहे. पुढे ओढणारा घोडा, त्याला सहा टायर. मागे ट्रेलर, तीन एक्सलचा, प्रत्येकावर चार. बाहेरच्या टायरची हवा कुणीही बघतं. आतल्या जोडीदाराच्या व्हॉल्व्हपर्यंत हात घालायचा तर खांद्यापर्यंत ग्रीस लागतं, म्हणून तो राहून जातो. तिसऱ्या एक्सलवर, डावीकडे, आतला: ८२ पौंड. त्याच्या शेजारचा बाहेरचा: ११९.

हाताखालचा पोरगा लगेच हवेचा पाइप ओढत आला. त्याला तिथेच थांबवलं. ठरलेल्या हवेच्या ८० टक्क्यांखाली चाललेला टायर हा पंक्चर होऊन चाललेलाच धरायचा, हा नियम आहे आणि तो जिवाशी संबंधित आहे. कमी हवेत चाललेल्या रेडियलच्या बाजूच्या भिंतीतल्या तारा वाकून वाकून थकलेल्या असतात. वरून तो धडधाकट दिसतो. त्यात पुन्हा पूर्ण हवा भरायला गेलं की भिंत आडवी फाटत जाते आणि समोर बसलेल्या माणसाला पळायलाही वेळ मिळत नाही. आधी उतरवायचा, आतून बघायचा, मग काय ते ठरवायचं. पोराने व्हॉल्व्हच्या सुईवर थुंकी लावून पाहिली. बारीक बुडबुडा आला. टोपी नव्हती, सुईत कचरा गेला होता. दोन-पाच रुपयांच्या टोपीपायी टायर गेला.

ड्रायव्हर लोक टॉमीने टायर ठोकतात आणि आवाजावरून हवा सांगतात. पार बसलेला टायर त्यात कळतो, हे खरं. ८२ आणि १२० यांतला फरक त्या आवाजात सांगणारा मला अजून भेटायचा आहे.

सकाळी सात

आता तळहाताचं काम. टायरच्या रबरावरून हात आडवा फिरवायचा, एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. दोन्ही वेळेला सारखं लागलं तर ठीक. एका बाजूने गुळगुळीत आणि परत येताना करवतीसारखं टोचलं, तर चाक सरळ फिरत नाही, आडवं घासत चाललंय.

झीज कशी झाली यावरून कारण निघतं, आणि त्यात गूढ काही नाही. दोन्ही कडा गेल्या आणि मधलं रबर शाबूत, म्हणजे हवा कमी. मधला पट्टा गेला, म्हणजे हवा जास्त. एकच कड तिरकी उतरली तर चाक कललेलं आहे. बेअरिंग ढिलं, किंगपिन झिजलेली किंवा एक्सल वाकलेला. गोलाकार खड्डे पडत गेले असतील तर चाक उड्या मारतंय. बॅलन्स नाही, शॉकअब्सॉर्बर मेलेला किंवा बेअरिंगला खेळ. एकाच जागी सपाट चट्टा पडला असेल तर ब्रेक जाम झाला होता. एवढं सगळं रबरावर उमटलेलं असताना लोक दुकानात जाऊन विचारतात, "कुठल्या कंपनीचा घेऊ?"

या ट्रेलरच्या पहिल्या एक्सलवर थोडी आडवी घासण आहे. ती राहणारच. तीन एक्सल एकामागे एक असले की कंटेनर यार्डातल्या आखूड वळणावर मधला एक्सल वळतो आणि पुढचा-मागचा दोघं बाजूला ओढले जातात. तिसऱ्या एक्सलवर मात्र चारही टायरना एकाच दिशेची धार. डावे दोन जास्त गेलेत, एका कडेला दोन मिलिमीटर उरलंय आणि दुसऱ्या कडेला सात. उजवे दोन बऱ्यापैकी, पण हात लावला की टोचतात. चारही एकाच दिशेने टोचतात, याचा अर्थ दोष चाकाचा नाही, सगळा एक्सलच वाकडा बसलाय.

साडेआठ

चहाला ड्रायव्हर मामा आले. रात्री दोनला गाडी लावून केबिनमध्येच झोपले होते.

"आप्पा, ही कंपनीच बदला. मागच्या दिवाळीला टाकलेले टायर, बघा काय झालेत."

"मामा, याच कंपनीचे टायर पुढच्या एक्सलवर आहेत. त्यांना काय झालं?"

मामा पुढच्या एक्सलकडे बघून आले आणि बिस्किट चहात बुडवत बसले. मग म्हणाले, गाडी रिकामी असली की आरशात ट्रेलरचं मागचं टोक डाव्या अंगाला जरा जास्त दिसतं. महिन्यापासून. सांगायचं राहिलं.

मामांना दोष देत नाही. तीन आठवडे कांदा, आता द्राक्षं. जानेवारी ते एप्रिल या गाड्यांना श्वास घ्यायला सवड नसते. आणि गाडी चालतेय तोवर ‘जरा डावीकडे दिसतं’ ही तक्रार कुणी लिहून घेत नाही.

दहा

शेठच्या टेबलावर सहा टायरचं कोटेशन आधीच पडलेलं. दुकानदाराने सकाळीच पाठवलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून दुकानदारांचा उत्साह वाढलाय आणि शेठचा हातही थोडा सैल झालाय.

"आप्पा, सहाच्या सहा टाकून मोकळं होऊ. सीझनमध्ये गाडी उभी नको."

"शेठ, टाकू. पण आधी टेप लावतो. एक्सल वाकडा असेल तर हे सहाही दिवाळीपर्यंत असेच होतील."

"किती वेळ?"

"दुपारपर्यंत."

शेठ घड्याळाकडे बघतात. गाडीला रात्री पिंपळगाव बसवंतला पॅकहाउसवर लागायचंय. बाहेर उभ्या गाडीचं भाडं बुडतं ते त्यांना रुपयांत दिसतं, वाकड्या एक्सलचं नुकसान मात्र सहा महिन्यांत थोडं थोडं होतं म्हणून दिसत नाही. हा वाद मी पुष्कळ वेळा घातलाय. आज अर्ध्या दिवसावर सुटला.

अकरा

मिस्त्री आला. मामांनी गाडी यार्डात सरळ रेषेत पन्नासेक फूट पुढे घेतली, स्टिअरिंग अजिबात न हलवता, ब्रेक हळू मारून. वळून उभ्या केलेल्या गाडीत कमानपाटे पिळलेले असतात, त्या अवस्थेत घेतलेलं माप खोटं निघतं.

मग घोडा सोडवला. ट्रेलरच्या पुढच्या किंगपिनच्या मध्यावर टेपचं एक टोक, दुसरं टोक एक्सलच्या डाव्या टोकाला. तेच उजवीकडे. दोन्ही मापं सारखी हवीत. तीन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालून जातो. पहिला एक्सल: दोनचा फरक. दुसऱ्याचं माप पहिल्यापासून धरलं, तोही ठीक. तिसरा: डावी बाजू चौदा मिलिमीटर मागे.

मिस्त्रीने हातोडीने एक्सल धरणाऱ्या आर्मचा बुश ठोकला. रबर चुरा होऊन बाहेर आलं. यू-बोल्टच्या शेजारी गंज निघून चकचकीत झालेली एक बोटभर पट्टी दिसत होती. एक्सल आपल्या जागेवरून सरकतो आणि परत येतो, त्याची ती खूण.

चौदा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. शेठला पटावं म्हणून मी कागदावर हिशेब मांडतो. एक्सलच्या दोन टोकांत साधारण दोन मीटर अंतर. दोन मीटरला चौदा मिलिमीटर, म्हणजे हजाराला सात. प्रत्येक किलोमीटरला ही चाकं सात मीटर आडवी ओढली जातायत. इथून न्हावाशेवा दोनशे किलोमीटरच्या आसपास. एका फेरीत टायर जवळजवळ दीड किलोमीटर रस्त्यावर आडवा घासत नेला, तेही वर कांद्याचा अठ्ठावीस-एकोणतीस टन बोजा ठेवून. डिझेलही त्यातच जाळलं. कंपनी कुठलीही असो, रबर एवढं सोसत नाही.

बुश बदलले, यू-बोल्ट टॉर्कपान्याने आवळले, आर्म फिरवून माप जुळवलं. फरक दोनवर आला. घोड्याच्या पुढच्या चाकांचं टो, म्हणजे दिशा, लेझरवर तपासून घेतलं, ते नीट होतं.

दुपारी एक

डबा. भाकरी, पिठलं, ठेचा. गॅरेजवर जेवताना हाताला साबण लावला तरी रबराचा वास जात नाही, त्याची आता सवय झाली.

दोन

नाशिकच्या द्वारका चौकाच्या पुढे टायरचं दुकान. इथे खरी निवड होते, आणि माझ्या मते कंपनीचं नाव हा त्यातला शेवटचा प्रश्न. नाशिककरांचा सिएटकडे ओढा असतो, कारखाना सातपूरच्या एमआयडीसीत, घरातलं कुणीतरी तिथे कामाला असतं. ती कंपनी मूळची इटलीतल्या तुरीनची, भारतात १९५८ साली आली, हे फारसं कुणाला माहीत नसतं. एमआरएफ, अपोलो, जेके यांचेही पक्के भक्त आहेत. चांगल्या कंपन्यांच्या टायरमध्ये फरक असतो, पण चुकीच्या जागी लावलेल्या चांगल्या टायरपेक्षा योग्य जागी लावलेला साधा टायर जास्त चालतो.

पहिला प्रश्न वजनाचा. आमच्या गाडीला १०.०० आर २० चा ट्यूबवाला टायर लागतो. त्याच्या भिंतीवर १४६/१४३ किंवा १४९/१४६ असे आकडे असतात. गिऱ्हाईक ते वाचत नाही, दुकानदार सांगत नाही. १४६/१४३ म्हणजे एकटा टायर ३००० किलो उचलणार आणि जोडीत असला तर प्रत्येकी २७२५. १४९/१४६ म्हणजे एकटा ३२५० आणि जोडीत ३०००.

याचं महत्त्व जुलै २०१८ पासून वाढलं. केंद्र सरकारने एक्सलची भारमर्यादा वाढवली. चार टायरच्या एका एक्सलला आधी १०.२ टन होते, ते ११.५ टन झाले. आता १४३ चे चार टायर घ्या: चार गुणिले २७२५, म्हणजे १०.९ टन. कायद्याने ११.५ टनांना परवानगी दिली, पण टायरची ताकद तिथवर पोचतच नाही. १४६ चे चार घेतले तर १२ टन. घोड्याच्या मागच्या एक्सलवर ट्रेलरचं तोंड टेकतं, ओढायची सगळी ताकदही तिथूनच रस्त्यावर उतरते. तिथे मी कमी आकड्याचा टायर लावू देत नाही, दोन पैसे स्वस्त मिळाला तरी.

दुसरा प्रश्न जागेचा. पुढच्या चाकांना सरळ रेघांचा टायर, कारण गाडीला दिशा तेच देतात. घोड्याच्या ओढणाऱ्या चाकांना ठोकळ्यांची खोल नक्षी. इगतपुरीकडच्या पावसात आणि पॅकहाउसच्या चिखलात पकड तिथूनच मिळते. ट्रेलरचा टायर कुणाला ओढत नाही, तो फक्त मागे येतो आणि वळणावर बाजूला घासतो. त्याला खोल ठोकळे दिले तर ते वळणावर डुलतात आणि तुटतात. त्याला सरळ रेघांचा, कमी खोलीचा, कडा मजबूत असलेला टायर पुरतो. ‘खोल नक्षी म्हणजे जास्त आयुष्य’ हा आमच्या धंद्यातला सर्वांत महागडा समज असावा.

तिसरं, जन्मतारीख. भिंतीवर चार आकडे असतात: ३५२५ म्हणजे २०२५ चा पस्तिसावा आठवडा. गोदामात दोन-तीन वर्षं पडलेला टायर ‘फ्रेश स्टॉक’ म्हणून पुढे येतो. आयएसआयची खूण बघायची, ती तर असलीच पाहिजे.

चौथं, रेडियल आणि नायलॉन एकाच एक्सलवर कधीही नाही. दोघांची वळणावरची चाल वेगळी.

आमचा हिशेब असा ठरला. घोड्याचे पुढचे दोन टायर एकसारखे झिजलेत, सात मिलिमीटर शिल्लक. नवे दोन सरळ रेघांचे, १४९/१४६, पुढे लावायचे. पुढचे उतरलेले दोन ट्रेलरच्या तिसऱ्या एक्सलवर डावीकडे, जोडीने. उजवीकडचे टोचणारे दोन रिमवर उलटे करून बसवायचे. आता चाक सरळ झालंय, तर धार विरुद्ध दिशेने झिजून जाईल. म्हणजे सहाऐवजी दोन. शेठला फोन केला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. दुकानदाराचा झाला नाही.

चार

बसवायला घेतले. नव्या टायरला नवी ट्यूब आणि नवा फ्लॅप, यावर तडजोड नाही. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि घडीवरच ती फाटते. लॉकरिंग तारेच्या ब्रशने घासून बघितली. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात. रिंग नीट बसली नसेल तर ती उडते, आणि ती कुणाला लागली तर दवाखान्यात न्यायचीही गरज उरत नाही. इथल्या कितीतरी दुकानांत पिंजरा भिंतीला टेकवून ठेवलेला दिसतो आणि हवा बाहेरच भरली जाते.

मग जोड्या. डावीकडच्या दोघांवर मी लांब पट्टी आडवी ठेवून बघतो. जोडीतला एक उंच आणि एक बुटका असला तर उंच टायर जास्त ओझं घेतो. बुटक्याचा घेर लहान, पण दोघं एकाच हबवर बांधलेले, सारखेच फेरे मारणार. मग बुटका रस्त्यावर फरफटतो. दोघांत सहा मिलिमीटरहून जास्त फरक नको. हे दोघं एकाच दिवशी बसवलेले, एकत्र झिजलेले. पट्टी सपाट बसली.

आता तो ८२ पौंडांचा. रिमवरून काढून आत बॅटरी मारली. आतल्या भिंतीला काळी भुकटी, आणि बोट फिरवलं तर गोल सुरकुती लागते. याला रिट्रेडिंगवाला हात लावणार नाही, लावला तर त्याच्याकडे पुन्हा जायचं नाही. त्याच्या जोडीदाराचा सांगाडा मात्र चांगला आहे, तो रबर चढवायला पाठवायचा. परत आला की ट्रेलरवर जाईल. रिट्रेड वाईट नसतो. पुढच्या चाकाला लावला की वाईट.

सहा

मामा आंघोळ करून ताजे. आज कसाऱ्याऐवजी समृद्धी महामार्गाने जाऊ, म्हणाले. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला सुरू झाला, तेव्हापासून भिवंडीच्या अंगाला उतरायचं तर घाट टाळता येतो. कसारा घाटात ब्रेकवर उतरलं की ड्रम तापतो आणि ती आच रिमवाटे आतल्या टायरला लागते, म्हणून तिथे मी कायम सांगतो, खालच्या गिअरमध्ये, एक्झॉस्ट ब्रेकवर उतरा. समृद्धीवर ते दुखणं कमी, दुसरं आहे. सरळ रस्ता, एकच वेग, मध्ये उभं राहायला निमित्त नाही. हवा कमी असलेल्या टायरला तिथे थंड व्हायची संधीच मिळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा सुरू झाल्यावर टायर फुटण्याचे अपघात गाजले, आणि आरटीओने प्रवेशावर टायर तपासायला सुरुवात केली होती. १.६ मिलिमीटरची खूण उघडी पडलेला टायर घेऊन तिथे जाऊच नये, तपासणी असो वा नसो.

"टोल?" मामा.

"शेठना विचारा."

शेठनी जुना रस्ता सांगितला. द्राक्षाच्या कंटेनरमध्ये माल तेरा टनांच्या आसपास, कांद्याच्या निम्म्याहून कमी. एवढ्याला घाट जड नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते अर्धं पटलं. मामांनी खांदे उडवले आणि गाडी पिंपळगावला काढली. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा आवळायचे, हे मी खिडकीतून ओरडून सांगितलं. नवी चाकं बसवल्यावर नट थोडे बसतात, आणि ते काम दहातले सात जण विसरतात.

रात्री आठ

भंगारवाला आला. तो ८२ पौंडांचा टायर त्याने पायाने उलटवला, बाहेरून बघितला.

"आप्पा, न कापता द्या. शंभर रुपये जास्त देतो."

बाहेरून तो दिसतोच तसा. एका कडेला सात मिलिमीटर नक्षी शिल्लक, दुसऱ्या कडेला गरम सुरीने रेघा कोरल्या, वर काळा रंग मारला, की महामार्गावरच्या एखाद्या टपरीत तो ‘सेकंड हँड, कमी चाललेला’ म्हणून विकला जातो. घेणारा कुणी एकट्या गाडीचा मालक असतो, हप्त्यांनी वाकलेला. तो हा टायर पुढच्या चाकाला लावायलाही कमी करणार नाही.

पोराला ग्राइंडर आणायला सांगितलं. बाजूच्या भिंतीत हातभर लांब दोन चिरा पाडल्या, तारांच्या ठिणग्या उडाल्या. भंगारवाल्याने शंभर तर कापलेच, वर आणखी वीस कमी केले. वहीत ‘भंगार, कापून’ असं लिहिलं. उद्या शेठ त्या वीस रुपयांचं विचारतील.